संध्याकाळचा रंग, दुपारची भिंत

तंबाखू न खाणारा आणि तरीही खिशात चुन्याची डबी बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गजेंद्र भोयर, राहणार वडनेर, धंदा पेंटर. वय एक्कावन्न, उंची बेताची आणि बोलणं त्याहून बेताचं. हिंगणघाटात माझं रंगांचं दुकान आहे. गेली बावीस वर्षं तो माझ्याकडूनच डबे नेतो, त्यामुळे या माणसाविषयी लिहायचा मला थोडाफार हक्क आहे. तो हक्क मी मधे एकदा गमावलाही होता, पण ते क्रमाने सांगतो.

चुन्याचं असं, की कुठल्याही भिंतीवर नव्या रंगाचा नमुना मारला की गजेंद्र त्याच्या शेजारी बोटभर चुना फासायचा. तो वाळेपर्यंत बिडी नाही, चहा नाही, नुसता बसून राहायचा. वाळला की एकदा चुन्याकडे, एकदा रंगाकडे पाहायचा आणि मगच घरमालकाला हाक मारायचा. "चुन्याजवळ रंगाले खोटं बोलता येत नाई," एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याची चेष्टा करायचो. म्हणायचो, गजेंद्र, एखादा तंबाखू-सुपारीचा खर्रा खात जा, नाहीतर चुना फुकट जाते. तो हसायचाही नाही. चेष्टा त्याच्या अंगाला लागतच नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

आता गेल्या पाच-सात वर्षांत आमच्याकडे घर बांधायची तऱ्हा बदलली. पूर्वी लोक दुकानात येऊन शेडकार्ड चाळायचे, बायकोशी भांडायचे आणि शेवटी बदामी घेऊन जायचे. आता पाया खणायच्या आधीच थ्री-डी फोटो काढून आणतात. फोटो म्हणजे कॅमेऱ्याचा नव्हे. आमच्या बसस्टँडसमोर वरच्या मजल्यावर सुरभी नावाची मुलगी बसते, सिव्हिलचा डिप्लोमा झालेली, हुशार आणि कामाला वाघ. ती कॉम्प्युटरवर न बांधलेलं घर उभं करते आणि त्याचं चित्र छापून देते. ज्या अंगणात उद्या तुरीच्या काड्यांचा ढीग लागणार आहे, तिथे चित्रात पामची झाडं आणि लांबलचक गाडी असते. आणि सगळ्यांना पाहिजे असतो तो संध्याकाळचा व्ह्यू. आकाश लालसर, खिडक्यांत दिवे, भिंतीवर सोन्यासारखा उजेड. दुपारचा फोटो कोणी मागत नाही, कारण दुपार आमच्याकडे फुकट आणि भरपूर मिळते.

असाच फोटो घेऊन रूपराव झाडे माझ्या दुकानात आले. रूपराव म्हणजे वडनेरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले, गजेंद्रचे तर दोन्ही. रस्त्याला लागून त्यांनी दुमजली घर बांधलं होतं आणि रंगाचं काम आपल्याच विद्यार्थ्याला दिलं होतं. गजेंद्र त्यांच्यामागे पायरीवर उभा होता.

"बंडूजी, हाच रंग पाह्यजे. उन्नीस-बीस चालनार नाई," गुरुजी म्हणाले आणि चकचकीत कागद त्यांनी काउंटरवर ठेवला. भिंती छान सोनेरी पिवळ्या होत्या.

गजेंद्रने तो कागद उचलला, दुकानाच्या दारात नेऊन उजेडात धरला, परत आणला. "गुरुजी, हा भितीचा रंग नाई वाटत. वरतून पडलेला उजेड असन. पह्यले एक पट्टा मारून पाहू."

त्या वेळी दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि मी नुकतंच नवं मशीन आणलं होतं. कोणत्याही वस्तूवर त्याचा डोळा टेकवला की ते तिचा रंग वाचतं आणि तस्साच रंग डब्यात कालवून देतं. मला ते मशीन दाखवायची फार हौस. मी म्हणालो, "अबे, मंग हे मशीन का आरती करासाठी आनलं काय?" लोक हसले. मी मशीनचा डोळा फोटोतल्या भिंतीवर टेकवला. बारा बादल्या निघाल्या. गजेंद्रने त्या उचलून ऑटोत ठेवल्या. गुरुजींपुढे त्याचं तोंड सातवीच्या वर्गात जेवढं उघडायचं तेवढंच अजून उघडतं.

घर रंगवून झालं आणि भर दुपारी पाहिलं तर पिकलेली पपई कापून रस्त्यावर ठेवावी तसं दिसायला लागलं. एसटीतून जाणारे लोक वळून पाहायचे. गुरुजींच्या बायकोने, आनंदाबाईंनी, दोन दिवस फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी दुकानात आले. आवाज खाली, डोळे लाल. "बंडूजी, खरं सांगा. तुमचं मशीन चुकलं का?"

इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "मशीन नाई चुकत, गुरुजी. आता डब्यातून भितीवर जाऊस्तोवर मधात काय होते, ते मले कसं मालूम?"

एवढंच. मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. पण हात झटकताना शिंतोडे कुठे उडतात ते झटकणाऱ्याला चांगलं माहीत असतं. त्याच दिवशी संध्याकाळी वडनेरला तानबाच्या हॉटेलात, दहा माणसांसमोर, गुरुजी म्हणाले, "गजेंद्रनं माल खाल्ला. बादल्या इकल्या अन् हलका रंग मारला."

वडनेरसारख्या गावात असं वाक्य एकदा हॉटेलात बोललं गेलं की ते शेतापर्यंत पोचायला दुसरा दिवस लागत नाही. गजेंद्रची दोन ठरलेली घरं गेली. त्याहून मोठं म्हणजे अल्लीपूरचं समाजभवन अडकलं. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. कमिटीचे लक्ष्मणराव त्याला म्हणाले, "पह्यले तुझं वडनेरचं निपटव, मंग ये." त्याची बायको प्रमिलाबाई म्हणाली, आपण नागपूरला जाऊ, तिकडे बांधकामावर पेंटर लागतात, कोणी ओळखत नाही.

"तिकडं गेलो त मंग ते खरंच झालं," गजेंद्र म्हणाला. आणि त्याने ठरवलं की हा पिवळा कुठून आला ते शोधल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही.

पहिल्यांदा तो माझ्याकडे आला. उरलेली एक सीलबंद बादली त्याने आणली होती. माझ्यासमोर सील तोडलं, पुठ्ठ्यावर रंग मारला, वाळवला आणि म्हणाला, "लावा मशीन." मी लावलं. फोटोतला आणि पुठ्ठ्यावरचा, रंग तोच. मग त्याने खिशातून रंगाचा पापुद्रा काढला, गुरुजींच्या भिंतीवरून खरवडून आणलेला. तोही तोच.

"म्हंजे म्या खाल्ला नाई."

"नाई."

"मंग गुरुजीले सांगा."

"सांगतो ना, पाहू," मी म्हणालो. आणि सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्या मशीनवर आला असता. गजेंद्रने आठ दिवस वाट पाहिली आणि मग त्याने मला विचारणंच सोडलं.

आता त्याच्या लेखी मशीन बरोबर होतं, त्याचा हात बरोबर होता, राहिला तो फोटो. तो बसस्टँडसमोरचा जिना चढून सुरभीकडे गेला. पुढचं मला सुरभीनेच सांगितलं. तिला वाटलं, हा भांडायला आला. त्याने खुर्चीही घेतली नाही. नुसतं विचारलं, "बाई, ह्या फोटोत भितीले तुमी कोनता रंग देलता?"

सुरभीने फाइल उघडली, भिंतीवर क्लिक केलं आणि तिचाच चेहरा उतरला. भिंतीला दिलेला रंग पांढरा होता. अगदी दुधी पांढरा. नंबरसुद्धा माझ्याच शेडकार्डातला.

म्हणजे गुरुजींनी पसंत केलेलं घर पांढरं होतं. त्यावर मावळतीचं ऊन आणि दिव्यांचा पिवळा उजेड पडला होता. आम्ही काय केलं होतं, तर मावळतीचं ऊन बादलीत भरून भिंतीला फासलं होतं, आणि वर दुपारचं खरं ऊन त्यावर पडल्यावर पेंटरला चोर ठरवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झाली नव्हती.

"मंग मले हे शिकवा," गजेंद्र म्हणाला. "पांढरं पिवळं कसं होते ते."

सुरभी म्हणाली, काका, तुम्हाला ते जमणार नाही, सगळं इंग्रजीत आहे. तो म्हणाला, "आकडे त इंग्रजीत असले तरी आकडेच राह्यते ना." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो हजर झाला. त्यानंतर रोज. अकरा दिवस तो तिच्या मागे स्टुलावर बसून पडद्याकडे पाहत राहिला. तिच्याकडे येणारे लोक त्याला तिचे वडील समजायचे.

तिने त्याला जे समजावलं ते मला तिच्यापेक्षा त्यानेच चांगलं समजावून सांगितलं. उजेडाला रंग असतो आणि त्या रंगाला आकडा असतो. दिव्याचा आणि मावळतीचा उजेड तीन हजारांच्या आसपास, दुपारचा साडेपाच हजारांच्या. कॉम्प्युटरमधल्या कॅमेऱ्याला आपण सांगायचं असतं की आज उजेड इतक्याचा आहे, म्हणजे तो त्यातला पिवळा वजा करतो आणि पांढरं पांढरं दिसतं. याला ते व्हाइट बॅलन्स म्हणतात. सुरभीने उजेड ठेवला होता तीन हजारांचा आणि कॅमेऱ्याला सांगितलं होतं दुपारचा, म्हणून पिवळं वजा झालंच नाही. वर आणखी, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून, तिने शेवटी कलर करेक्शनमध्ये एक तयार सोनेरी छटा चढवली होती. भाजीवर तर्री ओतावी तशी.

"मानसाचा डोळा हे आपल्या आपनच करते," गजेंद्र मला म्हणाला. "घरात पिवळा बल्ब असला तरी आपल्याले धोतर पांढरंच दिसते. ह्या यंत्राले सांगा लागते."

सुरभीच्या कॉम्प्युटरमध्ये एक बटण होतं. ते दाबून चित्रातल्या पांढऱ्या वस्तूवर टेकवलं की कॅमेरा तिला पांढरी धरून बाकी सगळे रंग सरळ करतो. गजेंद्रने ते पाहिलं तेव्हा खिशातली डबी काढून सुरभीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे त मी तीस वर्षांपासून करून राह्यलो, बाई." सुरभी सांगते की त्या दिवशी तिने त्याला पहिल्यांदा चहा मागवला.

आता कारण सापडलं होतं, पण ते गुरुजींच्या गळी उतरवायचं होतं. बोलून उपयोग नव्हता, ज्याला चोर म्हटलं त्याचं कोण ऐकतं? म्हणून गजेंद्रने चार बाय चारचा प्लाय घेतला, त्यावर फाइलमधला दुधी पांढरा दोन हात मारला आणि मालवाहू ऑटोत टाकून संध्याकाळी साडेपाचला गुरुजींच्या फाटकापुढे उभा केला. मावळतीचं ऊन त्यावर सरळ पडत होतं. एका हातात फोटो धरून तो म्हणाला, "गुरुजी, पाहा. पांढरा प्लाय आता फोटोसारखा दिसते का नाई?"

दिसला नाही. कारण फोटोचा कागदही त्याच उन्हात होता. तो आणखी पिवळा झाला. प्लाय फिका, फोटो गडद. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "गजेंद्र, तू शाळेतही असाच होता. उत्तर चुकलं का पाटीच वाकडी धरे." ओट्यावरची माणसं हसली. मी तिथे नव्हतो, पण असतो तर मीही हसलो असतो, हे कबूल करायला हवं.

गजेंद्रने प्लाय परत ऑटोत टाकला. प्रमिलाबाई म्हणते की त्या दिवशी तो जेवला, झोपला आणि सकाळी पहिल्या एसटीने हिंगणघाटला आला. दुसरा कोणी असता तर तोंडघशी पडल्यावर चार दिवस अंथरुणातून उठला नसता. सुरभीला त्याने घडलं ते सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, "काका, दोन्ही गोष्टी एकाच उजेडात धरल्या की तुलना होतच नाही. प्लायचाही फोटो काढावा लागेल, आणि मोबाइलला दुपारवर बांधून ठेवावं लागेल. नाहीतर तो शहाणपणा करून पिवळा काढून टाकतो."

तिसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन स्वतः वडनेरला गेली. पुन्हा तोच प्लाय, तीच वेळ, तेच फाटक. गुरुजी म्हणाले, "झाला ना एकदा तमाशा." पण आनंदाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाहू द्या हो. रंग तुमच्या एकट्याच्या घराले नाई लागला." त्यांच्यापुढे मुख्याध्यापकाचंही चालत नाही.

सुरभीने मोबाइलमध्ये आपोआप होणारा व्हाइट बॅलन्स बंद केला, आकडा साडेपाच हजारांवर बांधला आणि प्लायचा फोटो काढला. लॅपटॉपवर डाव्या बाजूला तिचं जुनं चित्र, उजव्या बाजूला हा फोटो. पांढरा प्लाय सोनेरी आला होता, पण चित्रापेक्षा थोडा कमी. गुरुजींनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. मग सुरभीने सगळ्यांसमोर चित्रावरची ती तयार सोनेरी छटा काढून टाकली. "हे जास्तीचं माझं होतं," ती म्हणाली. आता दोन्ही सारखे झाले.

आनंदाबाई म्हणाल्या, "आता आपल्या भितीचा काढ." सुरभीने त्याच आकड्यावर पपईच्या भिंतीचा फोटो काढला. तो शेंदरासारखा आला. आनंदाबाईंनी तो पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पांढरं घर आपल्याले आवडलं होतं, अन् आपन उजेड इकत आनला." आणि त्या आत गेल्या.

गुरुजींनी बराच वेळ त्या प्लायला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "गजेंद्र, पांढरा मारून दे. मजुरी वेगळी देतो."

"मारतो, गुरुजी. पन पह्यले तुमी जे जिथं बोलले, ते तिथंच फिरवा लागन."

असं तो गुरुजींना म्हणाला. सातवीपासून ज्यांच्यापुढे त्याने मान वर केली नव्हती, त्यांना.

मला त्याचा फोन आला. "बंडूजी, उद्या सकाळी सातला तानबाच्या हॉटेलात येजा." मला वाटलं प्रकरण मिटलं, तर्री-पोहे खाऊन येऊ. गेलो. गुरुजी आधीच बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जणू पंधरा ऑगस्ट आहे. गजेंद्र कोपऱ्यातल्या बाकावर. मी प्लेट हातात घेतली तेवढ्यात गुरुजी उभे राहिले आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "म्या इथं म्हटलं होतं का गजेंद्रनं माल खाल्ला. ते खोटं होतं. त्यानं एक थेंब खाल्ला नाई. म्या पाह्यल्याबिगर बोललो."

मग तानबाने कढईतून मान वर करून विचारलं, "मंग गुरुजी, चूक कोनाची होती?"

"फोटोत उजेड जास्त होता," गुरुजी म्हणाले. लगेच कोणीतरी म्हणालं, म्हणजे त्या हिंगणघाटच्या पोरीची. दोघांनी माना हलवल्या. एक संन्यासी सुटला की लोकांना लगेच दुसरा लागतो.

"तिची नाई," गजेंद्र म्हणाला. "तिनं फोटो देलता, रंग नाई. आपली चूक होती तेवढी तिनं सर्व्यायसमोर सांगतली." आणि तो माझ्याकडे पाहून थांबला. नाव घेतलं नाही. नुसता पाहत राहिला, चुना वाळायची वाट पाहतो तसा.

माझ्या हातातली प्लेट गरम होती. मी ती खाली ठेवली. बावीस वर्षं मी या माणसाची चेष्टा करत आलो होतो, आणि त्या क्षणी मला त्याची भीती वाटली. मी म्हणालो, "दुकानातच त्यानं सांगतलं होतं का हा उजेड आहे, पट्टा मारून पाहू. म्या त्याले हसलो. गुरुजीनं विचारलं तवा म्या त्याच्यावर ढकललं. अन् नंतर त्यानं मले सीलबंद बादली उघडून दाखवली, तरी मी चूप राह्यलो. दीड महिना झाला त्याले."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. गजेंद्रने उरलेले पोहे संपवले, प्लेट धुवायच्या टोपल्यात ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"बंडूजी, हे आठ दिवस आधी बोलले असते ना," तो म्हणाला, "त अल्लीपूरचं समाजभवन मले भेटलं असतं. गेल्या सोमवारी त्याईनं दुसऱ्याले देलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी बोलायला गेलो, लक्ष्मणरावांना फोन करतो, आत्ता करतो, असं काहीसं. तो थांबला नाही. बाहेर त्याने सायकलच्या कॅरियरवरून घासायची पत्री काढली आणि गुरुजींच्या घराकडे गेला, कारण पांढरा देण्याआधी तो पिवळा पूर्ण खरवडून काढावा लागणार होता.